दादाची धुतलेली अंडी

शेवटच्या दिवशी दादाने दोनदा दाढी केली. एकदा उठल्यावर, रोजच्यासारखी, आणि मग चहा झाल्यावर आरशात हनुवटी इकडून तिकडून बघून परत एकदा. मी म्हटलं, काय रे, फोटो काढायला चाललायस का? तर म्हणाला, "तू तुझा चहा पी."

मग इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला. चपला घासल्या, आणि त्या वाळेपर्यंत दारात अनवाणी बसून राहिला. ओल्या चपलेला धूळ चिकटते ना, म्हणून. मी विचारलं, कुठे? तो म्हणाला, "समोर."

समोर म्हणजे बेकरी. इकडे आमचं अंड्यांचं दुकान, मध्ये गल्ली, तिकडे भट्ट्याची बेकरी. गल्ली एवढीशी की इकडे फोडणी दिली तर तिकडचा माणूस खोकतो. पण दादा आणि भट्ट्या गेल्याच्या गेल्या वर्षापासून एकमेकांशी बोलत नव्हते. एक शब्द नाही. त्यामुळे माझा कप हातातच राहिला.

"जाऊन काय बोलणार?"

"सांगणार, बादली माझी होती."

"आणि त्याने चालता हो म्हटलं तर?"

"तर येईन परत. लांब कुठे आहे."

मी दारात उभी राहून बघत होते. बेकरीचं शटर अर्धं खाली. दादा वाकला, शटर वाजवलं. थांबला. परत वाजवलं. मग तसाच परत आला, आणि येताना खिशातून रुमाल काढून आधी हात पुसला, शटरला लागला होता म्हणून.

तेव्हा मला आठवलं. "अरे, आज त्याची सुट्टी!"

"हो का," दादा म्हणाला.

"एवढ्या दिवसांनी तोंड उघडायला गेलास, तेही सुट्टी बघून गेलास."

हसला थोडा. म्हणाला, "उद्या जाईन. हा शर्ट धुवू नकोस, मळला नाहीये." दादाने शर्ट धुवू नको म्हणणं म्हणजे बघा. मला तेव्हाच कळायला हवं होतं की काहीतरी बिघडलंय.

दुपारी दुकानात बसल्या बसल्या म्हणाला, घाम का येतोय गं मला. उठला, तोंड धुवायला बेसिनकडे गेला आणि तिथेच खाली बसला. शेजाऱ्याने गाडी काढेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले हृदय. माणूस गेला तोही तोंड धुता धुता. नळ चालूच राहिला होता, नंतर कोणीतरी बंद केला.

आता दादा कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल शर्ट घालून गेला यात एवढं काय.

मी त्याची धाकटी बहीण. माझा नवरा गेल्यावर मी त्याच्याकडेच राहायला आले, दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत तिथे. दादाने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, घरात एक बाई आहे ती पाय न पुसता आत येते, अजून दुसरी कशाला. गल्लीत त्याला नावच पडलं होतं साबण्या. ते ठेवलं भट्ट्याने. आणि भट्ट्याला भट्ट्या म्हणायला लागला तो दादा, कारण तो बेकरीवाला आपल्या भट्टीपेक्षा जास्त तापायचा. दोघं लहानपणापासूनचे. एकाने दुसऱ्याला चांगलं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही आणि एकाशिवाय दुसऱ्याने संध्याकाळचा चहा घेतलेला कधी पाहिला नाही.

दादाच्या दुकानाची शान म्हणजे धुतलेली अंडी. दुसरीकडे अंडं घ्या, त्याला काय काय चिकटलेलं असतं, पीस असतं, कोंबडीची घाण असते. दादाकडे नाही. गाडी आली की तो बादलीत गार पाणी घ्यायचा, मांडीवर फडकं, आणि एकेक अंडं बुडवून, चोळून, पुसून ट्रेमध्ये मांडायचा. सगळी एकाच दिशेला तोंड करून, शाळेतली पोरं रांगेत उभी असतात तशी. पाणी अगदी मातकट झालं की बदलायचा. फडकं मात्र तेच, कारण ते "अंड्यांचं फडकं", त्याला दुसरं कोणी हात लावायचा नाही. लांबलांबून लोक यायचे. साबण्याकडची अंडी आहेत, म्हणजे डोळे मिटून घ्या, असं म्हणायचे.

भट्ट्याही दादाचीच अंडी वापरायचा. बाजारातून आणली असती तर दादाने त्याला जिवंत सोडलं नसतं.

तर गेल्याच्या गेल्या वर्षी उन्हाळ्यात शाळेच्या मास्तरांचा काहीतरी कार्यक्रम होता. त्यांनी भट्ट्याला वाट्यांमधलं क्रीम सांगितलं. ते क्रीम शिजवत नाहीत, कच्ची अंडी फेटून करतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात. भट्ट्याचा फ्रिज केकने भरलेला. वाट्या बाहेरच राहिल्या बराच वेळ, भट्टीच्या उबेला. मास्तरांनी खाल्ल्या. उरलेल्या दोन भट्ट्याच्या आईने खाल्ल्या. तिला गोड फार आवडतं आणि नको म्हटलं की जास्तच आवडतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा बंद. मास्तर लोकांना जुलाब, पोटात मुरडा, ताप. हेडमास्तर तर म्हणे घंटा वाजवायलाही उठू शकले नाहीत. ते सगळे आठवड्याभरात बरे झाले. पण भट्ट्याच्या आईचा ताप हटेना. वय झालेलं. डॉक्टर म्हणाले रक्तात गेलंय, आणि मग रक्तातून जाऊन बसलं खुब्याच्या सांध्यात. किती दिवस दवाखान्यात होती बिचारी. वाचली, पण तेव्हापासून चौकट धरून चालते, ती चार पायांची असते ना तसली.

गल्लीत एकच बोंब, साबण्याची अंडी टायफॉइडची.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याच्या घरी ग्लास विसळल्याशिवाय पाणी प्यायलं नाही, त्याला असं म्हणायचं!

मग सरकारी दवाखान्यातून डॉक्टरबाई आल्या, बरोबर एक तपासनीस. त्यांनी बेकरीतून काय काय नेलं, आमच्याकडून अंडी नेली, बादलीतलं पाणी नेलं, आणि ते फडकं चिमट्याने उचलून पिशवीत घातलं. दादाचा चेहरा असा झाला, जणू घरातलं माणूसच नेलं. मग बाईंनी दादाच्या हातात एक छोटी डबी दिली. तपासायला शौच पाहिजे म्हणाल्या. काही काही माणसांना कधीतरी टायफॉइड होऊन गेलेला असतो, ती ठणठणीत असतात, पण जंतू त्यांच्या पित्ताशयात बिऱ्हाड करून राहतो आणि त्यांच्या हातून दुसऱ्यांना जातो. तसं तर नाही ना, ते बघायचं होतं.

दादाने विचारलं, "आंघोळ करून दिलं तर चालेल?"

बाई म्हणाल्या, "कसंही चालेल हो, पण डबी धुवू नका."

धुतलीच. साबणाने. परत नवीन डबी घ्यायला मला जावं लागलं.

डबी द्यायला गेलो तर दवाखान्याच्या बाकावर भट्ट्याही आपली डबी घेऊन बसलेला. दादाची डबी तीन पिशव्यांत गुंडाळलेली, भट्ट्याची नुसती कागदात. तोपर्यंत दोघांचं वाजलेलं होतं. भट्ट्याने भर गल्लीत म्हटलं होतं, "माझ्या आईला मारायला निघालास!" आणि दादा म्हणाला होता, "क्रीम भट्टीजवळ मी ठेवलं का?" तर दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना, डब्या मांडीवर, एक खिडकीकडे बघतोय, एक दाराकडे. मला एवढं हसू येत होतं की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

तपासणीत टायफॉइड कोणाकडेच निघाला नाही. निघाला त्याचा नातेवाईक. म्हातारीच्या रक्तात जो होता तोच क्रीमच्या भांड्यात, तोच आमच्या बादलीत आणि फडक्यात.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या. दुकानात बसून त्यांनी दादाला समजावून सांगितलं. हे एक मोठं घराणं आहे म्हणाल्या, सालमोनेला नावाचं. त्यात टायफॉइडचा आहे, पॅराटायफॉइडचा आहे, ते फक्त माणसातच राहतात. ताप हळूहळू चढत जातो, आठवडेच्या आठवडे उतरत नाही. आणि बाकीचे ढीगभर प्रकार आहेत, ते कोंबड्या, बदकं, डुकरं, पाळलेली कासवं, कुठेही राहतात. कोंबडी अगदी मजेत असते, तिला काही होत नाही. माणसाला मात्र जुलाब, उलट्या, ताप. धडधाकट माणूस मीठ-साखरेचं पाणी पीत पीत चार दिवसांत उठतो. पण तान्हं बाळ असेल, म्हातारं माणूस असेल, तर तो आतड्यातून बाहेर पडून रक्तात शिरतो.

दादा म्हणाला, "पण बाई, मी तर धुतो."

"तिथेच चुकलं ना," बाई म्हणाल्या. "अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात. त्यावर एक पातळ थर असतो, तो तुम्ही चोळून काढता. मग कोमट अंडं गार पाण्यात गेलं की आतलं आकसतं आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पाण्यात एका अंड्याची घाण, ती सगळ्यांच्या पोटात. आणि ते बाहेर उबेत राहिलं की एकाचे लाख होतात."

म्हणजे थोडं बादलीचं, थोडं भट्टीचं. बाईंनी दोघांनाही तेच सांगितलं. पण दोघांनी आपल्याला पाहिजे तेवढंच ऐकलं.

तेव्हापासून दादाने अंडी धुणं बंद केलं. त्याला काय झालं असेल ते मलाच माहीत. कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झटकायचा आणि डाग असलेली बाजू खाली करून ठेवायचा. गिऱ्हाइकाने उचलून उलटं केलं की हा तोंड फिरवायचा, आपल्याला कोणी उघडं पाहिल्यासारखा. आणि मग सुरू. "आता धुवायची नसतात. सांगतो का ते." अख्खं सालमोनेला घराणं काढून बसायचा. थोरला टायफॉइड, धाकटा पॅराटायफॉइड, आणि हे सगळे कोंबड्यांकडचे चुलत. अर्धं बरोबर, अर्धं स्वतःचं. कासवाचा जंतू चालायला हळू असतो असंही त्याने एकीला सांगितलं होतं. एक बाई शेवटी म्हणाली, "भाऊ, मला अंडी पाहिजेत, त्यांची वंशावळ नको."

पण सगळं सांगून झालं की शेवटी दादाचा आवाज चढायचा, गल्ली ओलांडून जाईल एवढा. "आणि क्रीम काही आपण होऊन भट्टीजवळ जाऊन बसत नाही!"

तिकडून भट्ट्या आपल्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "पाव घ्या, ताजे आहेत. बादलीतले नाहीत."

मध्ये गिऱ्हाईक बिचारं पाव आणि अंडी घेऊन कुठल्या बाजूने जावं ते बघत असायचं.

मी दादाला कितीदा म्हटलं, अरे दोघांचंही थोडं थोडं आहे, एकाने कबूल करून टाका. तो म्हणायचा, "त्याने आधी." आणि भट्ट्याची बायको मला सांगायची, आमच्याकडेही हेच चाललंय. आम्ही दोघी मागच्या दाराने एकमेकींकडे जायचो, चोर असल्यासारख्या.

चहा मात्र दादा संध्याकाळी एकटाच प्यायचा. गार करून. मी समोर बसले तरी म्हणायचा, तुला भांडता येत नाही नीट.

मग तो गेला त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. भट्ट्याची आई पहिल्यांदाच चौकट धरून एकटी बेकरीच्या पायरीपर्यंत आली. पायरी उतरायची की नाही असं करत उभी होती. दादा इकडे ट्रे लावत होता. ती थेट दादाकडे बघून ओरडली, "अरे साबण्या, जेवलास का रे?" अगदी पूर्वीसारखी. जसं काही झालंच नाही. मागून सून धावत आली आणि तिला आत घेऊन गेली.

दादा "हो काकू" म्हणाला. ती आत गेल्यावरही तो तिथेच ट्रे धरून उभा. जेवला नव्हताच. नंतरही नीट जेवला नाही. आणि सकाळी दोनदा दाढी.

आता तुमच्या लक्षात आलं असेल तो कशासाठी गेला होता.

दादाला पोचवायला गल्लीतले सगळे आले. भट्ट्याही आला, मागे मागे उभा राहिला. खांदा द्यायला कोणी बोलावलं नाही आणि तो आपण होऊन पुढे आला नाही. मला त्या गडबडीत काही सुचत नव्हतं, पण एक गोष्ट डोक्यात घोळत होती. दादा जे सांगायला गेला होता ते राहूनच गेलं. ते आता मी नाही सांगितलं तर कोण सांगणार? भट्ट्या जन्मभर समजणार की साबण्या ताठ मानेने गेला.

म्हणून दोन-तीन दिवसांनी मी गेले. बेकरीत कोणी नव्हतं. तो ओट्यावर पीठ तिंबत होता. मी म्हटलं, "भट्ट्या, दादा तुझ्याकडे आला होता. त्या दिवशी. तुझी सुट्टी होती."

तो पीठ तिंबतच राहिला. म्हणाला, "माहितीये."

"काय माहितीये?"

"आतच होतो मी. शटरखालून पाय दिसले. चपला धुतलेल्या. दुसऱ्या कोणाच्या असणार?"

 म्हटलं, "मग उघडलं का नाहीस?"

"आधी काय बोलायचं ते ठरवायचं होतं. नाहीतर तो एक म्हणाला असता, मी एक म्हटलं असतं, परत तेच झालं असतं." पीठ उलटं करून आपटलं. "म्हटलं, उद्या मीच जातो. सांगतो, वाट्या मी बाहेर ठेवल्या होत्या, फ्रिजमधले दोन केक काढता आले असते."

"तो सांगायला आला होता की बादली त्याची."

भट्ट्या थांबला. दोन्ही हात पिठात तसेच. मग म्हणाला, "ती तर त्याचीच होती. त्यात काय सांगायचंय."

पण तोंड भिंतीकडे केलं. मी पण जास्त थांबले नाही. पाव घेतला आणि आले.

मग कालचं. सकाळी अंड्यांची गाडी आली. मी त्यांना कळवायलाच विसरले होते. ड्रायव्हर म्हणतो, मावशी, लवकर उतरवून घ्या, मागे गाड्या थांबल्यात. मला एक ट्रे उचलवत नव्हता, माझी पाठ अशी आणि ट्रेचा ढीग तेवढा. मी म्हटलं परत घेऊन जा, दुकान बंद करतेय मी.

तेवढ्यात समोरून भट्ट्या आला. बनियनवर, कोपरापर्यंत पीठ.  ट्रे उतरवून आत न्यायला लागला. मी मागे मागे. "अरे पीठ लागतंय अंड्यांना!"

"पुस मग."

"टोक खाली करून ठेवायची असतात."

"तू आता शिकव मला. तेवढंच बाकी होतं."

"आणि तो ट्रे उन्हात नको."

"अगं बाई, दोन हात आहेत मला!" असं म्हणत म्हणत सगळे लावले त्याने. एक अंडं फोडलं. ते फडक्याने पुसायला गेला तर मी ओरडले, फडकं नाही, कागद घे आणि हात धू साबणाने. धुतले. कुरकुरत का होईना, नीट धुतले.

गाडी गेली. तो दारात उभा राहून श्वास घेत होता आणि तेवढ्यात करपल्याचा वास आला.

"पाव!" म्हणाला आणि धावला.

थोड्या वेळाने परत आला, हातात कागदाची पिशवी. माझ्यासमोर टेबलावर आपटली. आत पाव, वरून काळे ठिक्कर.

"घे. तुझ्यामुळे."

मी म्हटलं, "माझ्यामुळे कशाला? मी बोलावलं होतं का? दादामुळे म्हण."

 त्याने स्टूल ओढलं आणि बसला. मग म्हणाला, "हं. त्याच्यामुळे."

मी चहा टाकला. पावांचा वरचा काळा पापुद्रा सुरीने खरवडला, आत बरे होते. एक त्याने खाल्ला, एक मी, बाकीचे त्याच्या आईला पाठवून दिले. ती म्हणे विचारत होती, करपलेले का पाठवलेत आणि दोनच का.